सैल बीज

मी आयव्हीएफच्या लॅबमध्ये काम करते. शुक्राणू सोडायला स्त्रीबीजात सुई टोचताना त्याचा ताण लगेच कळतो. ते फार सैल किंवा फार ताठ असलं, तर आत गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते, मग गर्भ टिकत नाही. बाहेर बसलेल्या सासवांना हे सांगून सांगून माझा घसा सुकलाय.

शेंद्र्याहून आलेल्या एका सासूला म्हटलं, बीज सैल होतं, सुनेचा काही दोष नाही. पुढच्या खेपेला तिनं सुनेला महिनाभर डिंकाचे लाडू चारून आणलं, बीज घट्ट व्हावं म्हणून! चिडावं तर अंगात त्राण नव्हतं.

सासूनं लाडवांचा डबा माझ्यापुढं धरला. “घ्या मॅडम, लई थकल्यावानी दिसता. तुमाला लेकरं किती?”

मी अख्खा लाडू तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं, की उत्तर द्यावं लागत नाही.