तात्यांच्या डोळ्यावरचं पिवळं भिंग

तात्यांनी उभ्या जन्मात दुसरं काम केलं नाही. कॅमेरे खोलायचे, पुसायचे, पुन्हा जोडायचे. दुकान होतं तोवर दुकानात, आणि दुकान मिटल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलावर. आता गिऱ्हाईक उगवलं तर उगवलं. मानेत कळ होती, बोटांत जोर नव्हता. तरी सकाळ झाली की ते टेबलाशी येऊन बसत. न बसून दिवसाचं करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुकानातून एक काचेच्या दारांचं कपाट घरी आलं होतं, जुन्या लेन्सनी भरलेलं. कपाटामागे भिंत, भिंतीपलीकडे मुलाची खोली, आणि सुनेची उशी नेमकी त्याच भिंतीला. सुनेचे दिवस भरत आले होते.

एका सुट्टीच्या दिवशी मुलगा फोन हातात घेऊनच टेबलापाशी आला.

"तात्या, या पिवळ्या लेन्समधून किरणं निघतात म्हणे."

"लेन्समधून किरणं जायलाच हवीत. नाहीतर फोटो काय अंधाराचा येणार?"

"ती नव्हेत हो. रोग करणारी. जुन्या काळी काचेत थोरियम घालायचे, असं लिहिलंय."

"घालायचे. त्यानं प्रकाश चांगला वळतो. त्यानंच काच पिवळी पडते, आणि उन्हात ठेवली की परत निवळते. यात नवीन काय सांगितलंस?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सून दाराला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "माहीत असून माझ्या उशाशी ठेवलंत?"

उशीचा विचार त्यांनी खरोखरच केला नव्हता.

"तात्या, राग मानू नका," ती म्हणाली. "पण बाळ घरी येईल तेव्हा एकतर कपाट तरी नसेल, नाहीतर आम्ही तरी. यांनी दुसरी खोली बघून ठेवलीय."

मुलगा फोनमध्ये मान घालून उभा राहिला. खोली बघून ठेवल्याचं तात्या आज पहिल्यांदा ऐकत होते.

त्या दुपारी ते कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. घेऊन जा सगळं, म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं एक मन म्हणत होतं. थकलेल्या माणसाला हरणंही सोपं वाटतं. पण या काचा गेल्या तर टेबलावर हात कशासाठी ठेवायचे? आणि काचा राहिल्या, पोरं गेली, तर संध्याकाळी दार कुणाच्या पावलांनी वाजायचं? बायको गेल्यापासून या घरात माणसाचा आवाज होता तो या दोघांचाच.

तोडगा सुनेनंच काढला. तिचे मामा हॉस्पिटलात एक्स-रेच्या खोल्या तपासायचं काम करत. त्यांच्याकडे किरणं मोजायचं यंत्र होतं. ते पुढच्याच सुट्टीला आले. माणूस गप्पिष्ट, पोट सुनेच्या बरोबरीचं.

"कुठाय तो राक्षस?" मामांनी दारातच विचारलं.

"हे काय, समोर बसलेत," सून म्हणाली, आणि तात्यांनाही हसू आलं. आठवडाभरात पहिलंच.

मामांनी यंत्र एका पिवळ्या लेन्सला चिकटवलं. कढईत मोहरी तडतडावी तसं ते तडतडायला लागलं. सुनेनं पोटावर हात धरला.

"थांब गं, आवाजाला भिऊ नकोस," असं म्हणत मामांनी हात मागे घेतला. तडतड विरळ झाली. दोन पावलं मागे सरले, तेव्हा यंत्र मधूनच एखादी टिकटिक करू लागलं. मग ते पलीकडच्या खोलीत गेले, उशीवर यंत्र ठेवलं, जिन्यात जाऊन उभे राहिले, परत आले.

"उशीवर जेवढं, तेवढंच जिन्यात. तेवढं तर जगात सगळीकडेच असतं. कपाट बंद ठेवा. काच फोडू नका, घासू नका, तिची भुकटी पोटात जाऊ देऊ नका. एवढं पाळलंत तर बाळाला या कपाटापेक्षा माझ्या घोरण्याचा त्रास जास्त."

सुनेनं इतका मोठा श्वास सोडला की तो तात्यांनाही पुरला. ते चहाला उठले. मामांनी यंत्र बंद करण्यासाठी टेबलावर टेकवलं, आणि ते पुन्हा तडतडलं.

"हे काय आहे?"

टेबलावर तात्यांचं डाव्या डोळ्याला लावायचं भिंग पडलं होतं. फार वर्षांपूर्वी एक मोडकी लेन्स आली होती. तिच्यातली एक काच तात्यांनी रबराच्या कडीत बसवली होती. बारीक स्क्रू त्यातून मटारएवढे दिसत, आणि तिचा पिवळसर उजेड डोळ्याला उबदार वाटे. बाजारची भिंगं त्यांनी मग हातात धरली नाहीत.

"हे डोळ्याला लावता?"

"रोजच."

"किती वेळ?"

"काम असेल तोवर. कधीकधी काढायचं विसरून जेवायलाही बसतो."

मामांच्या तोंडावरची थट्टा उतरली. "तात्या, लांब ठेवली तर ही काच निरुपद्रवी. पण बुबुळाला चिकटवून वर्षानुवर्षं? कपाट भिंतीपलीकडे होतं. हे तुमच्या डोळ्यावर होतं."

"तसंही अलीकडे त्यातून नीट दिसत नाही," तात्या म्हणाले. "काच धुरकटलीय. दोन महिने झाले, रोज उन्हात ठेवतोय. निवळतच नाही."

मामांनी भिंग फडक्यानं उचलून खिडकीकडे धरलं. पाण्यासारखं स्वच्छ होतं, पिवळेपणाही उन्हानं गेलेला. सुनेनं ते पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं.

"तात्या, उजवा डोळा मिटा. मी किती बोटं धरलीत?"

तात्यांनी डोळा मिटला. समोर सुनेच्या हाताची नुसती पांढुरकी सावली होती. दोन महिने ते काचेला ऊन दाखवत होते, आणि धुकं डोळ्यात होतं. ते खाली बसले.

"सांगितलं का नाहीत?" ती आता खरंच ओरडली.

"मला काच वाटली गं. आयुष्यभर काही दिसेनासं झालं की काचच पुसत आलो."

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर होता, म्हणून सूनच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दोघंही सावकाश चालत होती. मोतीबिंदू पिकला होता.

"त्या काचेनं झाला का?" तात्यांनी विचारलं.

"असेल. वयानंही होतो. दोन्ही मिळूनही झाला असेल. नक्की कुणीच सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "काढून टाकू, दिसेल. ते भिंग मात्र आता नाही."

बाहेरच्या बाकावर दोघं तारीख मिळायची वाट बघत बसली. तात्यांना वाटलं होतं, आपल्याला राग येईल, काचेचा नाहीतर स्वतःचा. पण रागालाही त्राण लागतं. त्यांना फक्त पाठ टेकावीशी वाटत होती.

"खोलीचं काय ठरलं?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"कुठली खोली?" सून म्हणाली. "तुमच्या डोळ्यात दिवसातून चारदा थेंब कोण घालणार?"

"तुलाच तेव्हा कुणीतरी लागेल."

"मग एका घरात दोघांचं होईल. कपाट तेवढं दुसऱ्या भिंतीला घेऊ. मामा काहीही म्हणोत, मला झोप लागायला हवी."

"घेऊ," तात्या म्हणाले. आतून कुणीतरी त्यांचा नंबर पुकारला. सुनेनं आधी स्वतःला सावरून उठवलं, मग त्यांच्यापुढे हात केला.