वरच्या मजल्याची पार्श्वशृंखला

कोणत्याही कलमाखाली न सापडता शेजाऱ्याचे जगणे असह्य करण्याची कला माझ्या पाहण्यात एकाच माणसाला पूर्णपणे साधली होती, आणि तो दिल्लीच्या मयूर विहारमध्ये नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, राहत असे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी नोकरीची सारी वर्षे नियमाने काढली. निवृत्तीनंतर सहकारी सोसायटीत हक्काचे घर मिळाले आणि त्यासोबत, माझी संमती न घेता, हे जीवरसायनाचे निवृत्त प्राध्यापकही मिळाले. ज्यांच्या साखळीतून प्रथिने बनतात त्या अमिनो आम्लांवरून त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट उलगडत असे. आमचे खजिनदार स्वतः मांडलेला ठराव स्वतःच मागे घेत. त्यांना या गृहस्थांनी भर वार्षिक सभेत 'प्रोलीन' म्हटले; का, तर त्या आम्लाची बाजूची साखळी, म्हणजे पार्श्वशृंखला, बाहेर न जाता वळून आपल्याच सांगाड्याला येऊन चिकटते. खजिनदारांना ती पदवी वाटली. त्यांनी उभे राहून आभार मानले.

हेही मी सोसले असते. पण बाजार खुला झाला आणि यांच्या घरी रंगीत टीव्ही, वॉशिंग मशीन, दोन दारांचा फ्रीज अशी वरात सुरू झाली. वस्तू आत गेल्या आणि त्यांचे खोके थर्मोकोलसकट बाहेर, जिन्याच्या लँडिंगवर, छतापर्यंत रचले गेले. गॅरंटी संपेपर्यंत खोका टाकायचा नाही, हा त्यांचा धर्म. आणि गॅरंटी संपल्यावर तो टाकावा असे त्यांच्या धर्मात कुठेही म्हटलेले नव्हते. मी सोसायटीच्या उपविधीचा हवाला देऊन पत्र लिहिले, प्रत सचिवांना. 'उद्या कोणास उचलून न्यावयाची वेळ आल्यास मार्ग कोठून काढावा?' असा माझा स्पष्ट प्रश्न होता. पत्र हातात घेऊन ते खाली आले आणि माझ्याच खुर्चीत बसले.

"साहेब, चिडू नका यार. सगळ्या अमिनो आम्लांचा सांगाडा जवळजवळ एकच असतो. मधे कार्बन, एका हाताला अमिनो गट, दुसऱ्या हाताला आम्लाचा गट. ओळख पटते ती बाजूच्या साखळीवरून. आपले फ्लॅटही तसेच, सगळे एका नकाशाचे. आता दाराबाहेरचे खोकेही काढले, तर माझं घर कुठलं हे कळायचं कसं?"

"दारावर नंबर आहे. आणि माझ्या दाराबाहेर काहीच नाही, म्हणजे मी कोण?" विचारायला नको होते.

"तुम्ही ग्लायसीन. बाजूला नुसता एक हायड्रोजन. सर्वांत लहान. साधं पायपुसणंही नाही."

या अवमानाबद्दल मी स्वतंत्र पत्र दिले. उत्तर जिन्यातूनच, तोंडी आले: "साहेब, या पत्राला फाइल नंबर घालायचा बिल्कुल विसरलात."

जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी वरच्या वहिनींनी माझे दार बडवले. प्राध्यापकांच्या छातीत कळ आली होती. रुग्णवाहिका आली, स्ट्रेचर माझ्या दारापर्यंत आले आणि वरच्या वळणावर खोक्यांना अडले. "ऊपर नहीं मुड़ेगा, भाईसाहब," स्ट्रेचरवाला म्हणाला. शेवटी त्यांना जेवणाच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी, खोक्यांना खेटत, खाली उतरवले. माझ्या दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत स्ट्रेचर आडवे ठेवता आले. त्यावर निजवताना त्यांनी माझे मनगट धरले. चेहरा घामाने भिजला होता.

"बघितलंत, साहेब? प्रथिनाच्या साखळीला घट्ट वळण घ्यायचं असलं की तिथे ग्लायसीन लागतं. दुसरं कुणी मावत नाही."

"बोलू नका," मी म्हणालो. माझा आवाज मला हवा तितका कडक निघाला नाही.

ते वाचले. पण जिना वर्ज्य झाला, म्हणून मुलीने त्यांना गुडगावला, लिफ्ट असलेल्या नव्या उंच इमारतीत नेले. सामान हलले त्या दिवशी प्रत्येक वस्तू आपापल्या मूळ खोक्यात, थर्मोकोलसकट, अचूक बसली, आणि खालून ट्रकमध्ये बसलेल्या प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहून नुसती भुवई उचलली. मी ते पाहिले नाही असे दाखवले.

आता वरचे लँडिंग स्वच्छ असते. नवे भाडेकरू सभ्य आहेत. तक्रारीला कोणताही आधार उरलेला नाही. दाराबाहेर एखादी कुंडी ठेवावी, असे पत्नीचे म्हणणे आहे. मी नकार दिला आहे. उपविधीत ते बसत नाही. शिवाय गुडगावहून ते कधी आलेच, तर पहिल्या मजल्यावरच त्यांना धाप लागेल, आणि तिथे खुर्ची टाकायला जागा हवी.