व्हिएन्टियानच्या विमानाची वाट

लग्नाला आठ महिने होतात न होतात तोच माझ्या नवऱ्याला सरकारी कामगिरीवर लाओसला जावं लागलं. तिथल्या राजधानीत, व्हिएन्टियानच्या विमानतळावर, वायरलेस ऑपरेटर म्हणून. मी पुण्याची, बंगळूर मला नवं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बसवनगुडीच्या घरात उरलो मी आणि सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. अण्णांच्या मराठीतलं निम्मं कानडी मला कळत नसे आणि माझं बोलणं त्यांना फार भरभर वाटे. त्यामुळे माझं "चहा ठेवू?" आणि त्यांचं "सरी", म्हणजे बरं, एवढ्यावर आमचे दिवस जात.

पत्रं मात्र मी मोठ्यानं वाचत असे. विमानतळ म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक बैठी इमारत, असं ह्यांनी लिहिलं होतं. विमान यायच्या आधी एक माणूस सायकलवरून धावपट्टीवरच्या म्हशी हाकलून येतो. दारात एक बाई बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात विकते आणि ह्यांना रोज, "बायको कधी येणार?" असं खुणेनं विचारते. फक्त माझ्यासाठी लिहिलेल्या ओळी आल्या की मी अडखळे. अण्णा लगेच उठून खिडकीतून बाहेर बघू लागत.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता पत्रं थांबली. मग रेडिओवर एका वाक्यात बातमी आली: व्हिएन्टियानला नदीचा पूर, विमानतळ पाण्याखाली. अण्णांनी रेडिओ बंद केला. मी स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा काळा कोट घालून तयार.

"चल."

"कुठं, अण्णा?"

"विमानतळावर. विचारून येऊ."

दोन बस बदलून पोचलो. आपल्याकडचा विमानतळही तेव्हा लहानच होता. काउंटरवरचा मनुष्य भला होता. "इथं मद्रास आणि मुंबईची विमानं येतात, सर. लाओसचं नाही," तो म्हणाला.

"मद्रासला कुठून येतं?"

"कलकत्त्याहून."

"आणि कलकत्त्याला?"

"बँकॉकहून येतं एक."

"बँकॉकला तिथलं येत असेलच," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "स्वल्प थांबू."

आम्ही कुंपणाजवळच्या झाडाखाली बसलो. मद्रासचं विमान उतरलं. उतरणारा प्रत्येक माणूस आम्ही दोघांनी नीट पाहिला.

मग दर रविवारी जाऊ लागलो. मी डब्यात दोशे आणि चटणी घेई. बसल्या बसल्या अण्णा बोलू लागले. हे लहानपणी बोलायला फार उशिरा शिकले. सासूबाईंनी काळजीनं किती देवळं पालथी घातली. "आणि आता बोलण्याचाच पगार घेतो!" असं म्हणून अण्णा हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

पाचव्या रविवारी घरी परतलो, तर कुलूपबंद दाराच्या पायरीवर हे बसलेले. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावर लोंबत असलेला, शेजारी ट्रंक. कलकत्त्यापर्यंत विमानानं आले होते आणि पुढं रेल्वेनं. पुरात तीन दिवस पत्र्याच्या छपरावर काढले, मग ताप आला, म्हणून सुट्टी देऊन घरी पाठवलेलं.

"होतात कुठं तुम्ही दोघं?" ह्यांनी विचारलं.

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. मीच म्हणाले, "तुम्हाला आणायला गेलो होतो."

अण्णा कुलूप उघडू लागले, पण किल्ली काही भोकात जाईना. शेवटी ह्यांनीच उठून त्यांच्या हातातून ती घेतली. अण्णांनी एक हात मुलाच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला पुढं केलं.

"हिला आधी आत जाऊ दे," ते म्हणाले. "दमलीय माझी मुलगी."