मामी आणि अडकलेली मजुरी

कुणाची मजुरी अडकली आणि त्याचा पत्ता माझ्या नाचणगावच्या मामीला लागला नाही, असं उभ्या वर्धा जिल्ह्यात आजवर घडलेलं नाही. शेतकऱ्याला आभाळ कळतं तसा तिला पैसे बुडवणारा माणूस दुरून कळतो. माझ्या लग्नात वरात मांडवाच्या तोंडाशी आली आणि मामी सगळ्यांना ओलांडून थेट बँडवाल्याजवळ गेली. "पैसे भेटले का रे बापू?" तिने विचारलं. तो घाम पुसत म्हणाला, "अर्धे बाकी आहेत, काकू." झालं. मामी घोड्यापुढे उभी राहिली. "आधी याचे द्या, मंग पोराले उतरवा." वडील खिसे चाचपत होते, सासरे घड्याळ पाहत होते आणि मी भर उन्हात घोड्यावर. पैसे हातात पडल्यावर मात्र बँड असा वाजला की सासरची मंडळी अजून त्याचं नाव काढतात.

तिच्या बोलण्याची तऱ्हाही निराळी. जीव लावलेल्या माणसाला ती "काऊन बे, मेला होता का इतके दिवस?" असंच विचारणार. पण कुणाला 'साहेब' म्हणू लागली की त्याने सावध व्हावं. गावाजवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ती कापसातला कचरा वेचायच्या कामाला होती आणि तिथल्या मालकाला कायम 'भाऊ' म्हणायची. गेल्या हंगामाच्या शेवटी तो एकाएकी साहेब झाला.

घडलं असं की बायकांना कामावर आणणारा ठेकेदार अखेरची मजुरी न देताच फोन बंद करून पसार झाला. मालक म्हणाला, "मी त्याले दिले. तुम्ही त्याले शोधा." बायका भडकल्या. एकीने तर दगडही उचलला. मामीने तो तिच्या हातून काढून घेतला. "दगड मारला का केस आपल्यावरच होते. ठेव खाली." मग सगळ्यांना तिने आपल्या अंगणात बसवलं आणि कामाचा पुरावा गोळा केला. कुणाकडे गेटचा पास होता, कुणाच्या मोबाइलमध्ये कापसाच्या ढिगासमोर काढलेले फोटो होते. मजुरीची मागणी लिहून मालकाकडे नेली, तर तो पोच द्यायला तयार होईना. मामीने ती रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि उत्तर येत नाही असं दिसल्यावर बायकांना घेऊन वर्ध्याच्या कामगार कार्यालयाची वाट धरली. मी वर्ध्यातच नोकरीला, म्हणून सोबत गेलो.

तिथल्या बाबूने सांगितलं, अधिकारी साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. मामी म्हणाली, "होऊ द्या त्याइची मीटिंग. आमी तवरिक जेवून घेतो." व्हरांड्यात बायकांनी ओळीने डबे उघडले. मिरचीच्या ठेच्याचा वास आतपर्यंत गेला असावा, कारण थोड्याच वेळात साहेब खोकत बाहेर आले. माणूस भला होता. अर्ज वाचून म्हणाले, ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मालकावर येते. मामीने त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. "आखीन एकदा सांगा जी. मांगच्या बायांले आयकू नाई गेलं." साहेब हसले आणि मोठ्याने पुन्हा म्हणाले. मागच्या बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या.

सुनावणीची नोटीस गेली आणि मालकाची गाडी मामीच्या दारात आली. मी तेव्हा तिथेच होतो. त्याने पाकीट पुढे केलं. "तुझे पुरे घे, अन बाकीच्याइले समजाव." मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पैशांवाचून अडलं होतं आणि मामा समोर खाटेवरच बसला होता. मालकाने त्याच्याकडे पाहिलं. मामा म्हणाला, "माह्याकडं काय पायता? तिले विचारा." मामी पदराने हात पुसत होती, जरी ते ओले नव्हते. मग म्हणाली, "साहेब, पाकीट वापस घ्या. कापसात मी एकटी नोती." मला त्या क्षणी कुणालातरी धरून सांगावंसं वाटलं की ही माझी मामी आहे. पण तिथे ते न जाणणारं कुणीच नव्हतं.

सुनावणीत मालकाने आधी आवाज चढवला, मग वकिलाशी कुजबुजला आणि शेवटी कबूल झाला. सगळ्या बायकांच्या खात्यात मजुरी जमा झाली. मामाचं ऑपरेशनही झालं. पट्टी निघाल्यावर मामीकडे नीट पाहून तो म्हणाला, "लय म्हातारी झाली व तू." "तुयाच पायी," मामी म्हणाली आणि त्या आठवड्यात रोज त्याच्या आवडीची भाजी केली.

पुढच्या हंगामाला बाकी सगळ्यांना बोलावणं आलं, तिला आलं नाही. बायका हटून बसल्या, तू नाही तर आम्ही नाही. मामीच त्यांच्यावर चिडली. "घरी बसून उपाशी मरता का? जा. फक्त मालकाच्या सहीचं हजेरीचं कार्ड मांगून घ्या." त्यांनी तसं कार्ड घेतलं आणि मगच कामाला लागल्या. मामी आता लोकांच्या शेतात निंदणाला जाते. कंबर धरते, पण जिनिंगचा विषय काढत नाही.

या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला. रस्त्याने बायका घोळक्याने निघाल्या. मामी दारात उभी होती. एकीने हाक मारली तर ती म्हणाली, "बोलत नको बसू, उशीर होईन." त्या गेल्यावर कापसाने भरलेली एक गाडी हेलकावत गेली आणि कुंपणाच्या बाभळीला थोडा कापूस अडकून राहिला. मामीने तो काढून घेतला आणि माझ्याशी काहीबाही बोलत, हाताकडे न पाहता, त्यातली काडी न् काडी वेचून काढली.