पाइपामागचा पिवळा मासा

उदगीरच्या एका दातांच्या दवाखान्यात चांगुणाबाई वीस वर्षांपासून साफसफाई करतात. तिथल्या काचेच्या टाकीत चौदा सिक्लिड मासे दाटीनं राहतात. त्यातला लहानगा पिवळा मोठ्यांच्या भीतीनं पाइपामागं दडायचा. त्याचं पोट पार खपाटीला गेलं होतं.

“साहेब, ह्याला येगळं ठिवा की,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

“दुसरी टाकी कुठंय, मावशी?”

मग त्या रोज एका कोपऱ्यात खाणं टाकून मोठ्यांना गुंतवायच्या आणि सुई काढलेल्या सिरिंजनं भिजवलेले दाणे पाइपामागं सोडायच्या. हात भरून यायचा. चार दिवस दाणे तसेच तळाशी गेले. पाचव्या दिवशी पिवळ्यानं एक गिळला.

“खाल्लं गं बाई!” म्हणत त्या फरशीवरच टेकल्या. अजून अर्धा दवाखाना पुसायचा होता, पण उठवेना.