अताल्लाचे तीन ठिपके

लमरीनं पहिली छुरी केली तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. त्याआधी चोवीस वर्षं तो घण मारत होता, आणि घण मारणाऱ्याला आमच्या बू सादा गावात कुणी लोहार म्हणत नाही. लोहार म्हणजे त्याचा थोरला भाऊ, सी अताल्ला; सी किंवा सीदी हे आमच्याकडे मोठ्यांना आदरानं म्हणतात. छुरीचा आकार त्याचा, धारेचं पाणी त्याचं, नावही त्याचंच. लमरीचे नुसते खांदे.

मी म्यानं शिवतो. माझं दुकान त्यांच्या भट्टीला लागून, त्यामुळे दोघांची सगळी बोलणी फुकटात माझ्या कानावर पडायची.

अताल्ला भारी खडूस माणूस. भट्टीच्या दाराच्या खांबाला त्यानं मेंढ्याचं शिंग ठोकलं होतं. छुरी तयार झाली की त्या शिंगावर तीन घाव घालायचे. धार दुमडली नाही, टवका उडाला नाही, तरच मुठीच्या पितळेवर तीन ठिपके मारायचे. नाहीतर छुरी मोडीत. एकदा ऐन ईदेच्या आठवड्यात त्यानं खाटकाच्या नऊ छुऱ्या मोडीत टाकल्या. खाटीक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. भावाला "बरं केलंस" म्हणताना मी अताल्लाला कधी ऐकलं नाही. माझं म्यान हातात घेऊन तर म्हणायचा, "कुइदर, हे छुरीसाठी शिवलंस की गाढवासाठी?"

मग त्याच्या छातीनं दगा दिला. जर्दाळू फुलायच्या सुमाराला त्यानं अंथरूण धरलं, आणि आता तो उठणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. एका दुपारी लमरी माझ्या दुकानात येऊन बसला.

"कुइदर, मला एक छुरी करायचीय. माझी स्वतःची."

"मग कर की. भट्टी काय पळून चाललीय?"

"भट्टी नाही, तो चाललाय. छुरी झाली की नाही, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. बाकी कुणी सांगितलं तर मला काय त्याचं!"

साखरेच्या सुळक्यासारख्या ढेपेला गुंडाळलेला निळा कागद असतो, त्यातून त्यानं आकार कापायला घेतला. अताल्लाचं पातं निमुळतं असायचं. लमरीला ते मधोमध जरा रुंद हवं होतं, म्हणजे कातडं सोलताना हात दुखणार नाही. अकरा कागद फुकट गेले. घरात साखरेला मुंग्या लागल्या आणि बायकोनं त्याला चांगलंच झापलं. बारावा कागद त्यानं भावाच्या उशाशी ठेवला. अताल्लानं तो बघितला, परत दिला, एकही खोट काढली नाही. लमरीला तेवढंही पुष्कळ होतं.

तापलेलं पातं तेलात बुडवून पाणी द्यायच्या दिवशी अताल्ला हटून बसला, मला भट्टीत न्या. आम्ही दोघांनी त्याला गादीसकट उचलून दाराशी ठेवलं.

आता हे नीट सांगितलंच पाहिजे. त्या दाराला कायम गोणपाटाचा पडदा असायचा. तापलेल्या पोलादाचा खरा रंग अंधारातच कळतो. उन्हात ते आहे त्यापेक्षा थंड दिसतं, मग लोहार भाता मारत राहतो आणि पोलाद आतून बिघडतं. मला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. जन्म गेलाय माझा त्या भिंतीला टेकून. पण अताल्ला अंधारात मान उंचावून बघत होता, त्याला काही दिसत नव्हतं, आणि भावाचं काम त्यानं एकदा बघावं असं मला वाटलं. मी गोणपाट वर गुंडाळून बांधलं.

ऊन थेट अताल्लाच्या तोंडावर पडलं. लमरीनं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. भावाला दिसतंय एवढंच त्याला दिसलं असावं. तो भाता मारत राहिला. अताल्लानं हात उचलला, तोंड उघडलं, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा पातं तेलात गेलं होतं.

चार दिवसांनी छुरी तयार झाली. जर्दाळूच्या लाकडाची मूठ, त्यावर पितळेची पट्टी. लमरीनं खांबावरचं शिंगसुद्धा उपटून आणलं आणि गादीपाशी धरलं. अताल्लानं पात्यावरून अंगठा फिरवला, नखानं टिचकी मारली, कान जवळ नेला.

"शिंग राहू दे," तो म्हणाला.

"सीदी, तीन घाव..."

"मला शिकवतोस? ठिपके मार."

"म्हणजे झाली?"

"झाली. छुरी झाली."

लमरी एवढा मोठा बाप्या, पण हमसून हमसून रडला. माझेही डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी अताल्ला गेला.

सातव्या दिवशी मी म्यान शिवून घेऊन गेलो. लमरीनं शिंग पुन्हा खांबाला ठोकलं होतं आणि छुरी हातात घेऊन तो समोर उभा होता. "मनाच्या समाधानासाठी," असं म्हणून त्यानं घाव घातला. पहिल्याच घावाला पात्याचे दोन तुकडे झाले. मोडलेल्या जागी पोलाद जाड्या मिठासारखं दाणेदार दिसत होतं, म्हणजे ते जास्तच तापलं होतं.

"त्याला ठाऊक होतं," लमरी म्हणाला.

"अरे, आजारी माणूस, त्याला काय कळणार?"

"चाळीस वर्षं त्यानं शिंगाशिवाय एक छुरी सोडली नाही, कुइदर. फक्त माझी सोडली."

"गोणपाट मी वर केलं, लमरी. चूक माझी."

"मी आंधळा होतो का? मी का नाही खाली ओढलं?"

त्याला एकोणीस वर्षं झाली. गोणपाटाला मी पुन्हा हात लावलेला नाही. लमरीच्या छुऱ्या आता पार जेल्फाच्या बाजारापर्यंत जातात. प्रत्येकीवर तो तीन घाव घालतो आणि प्रत्येक छुरी टिकते, पण पितळ कोरंच राहतं. गिऱ्हाईक कटकट करतं. मागच्या ईदेला मीच चिडून म्हटलं, "अरे, आता तरी मार ठिपके! शिंगावर टिकल्यात ना सगळ्या?"

"टिकल्यात की. दिसतंय मला," तो म्हणाला. "पण झाली म्हणणारा एकच होता. तो मला एकदाच म्हणाला, आणि तेही खोटं."