बोट बिचकू नये म्हणून

ते आधी माणसाच्या पायांकडे पाहायचे, चेहरा नंतर. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत कुणी नवीन आलं की बाकीचे त्याला गाव, नोकरी, आडनाव विचारत. हे मात्र जिन्याच्या तोंडाशी उभे राहून त्याची पावलं न्याहाळत आणि स्वतःशीच म्हणत, "पेरलं न्हाईत अजून."

पाय घट्ट रोवून उभं राहण्याला पाय पेरणं हा त्यांचा शब्द. ते साताऱ्याकडचे, हत्यारी पोलिसांत साधे शिपाई. पण चाळीनं त्यांना परस्पर हवालदार करून टाकलं होतं. पोलीस लाइनीत खोली मिळाली नाही म्हणून ते आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एकटे राहत. बायको-मुलं गावी. तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल, ज्याचं सगळं करणं लोकांना दिसतं, पण तो ते का करतो हे कुणालाच कळत नाही.

सकाळी ड्युटी नसली की ते गॅलरीत एका पायावर उभे राहत. डोळे मिटलेले, डावा हात पुढे आणि तळव्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. पोलिसांच्या नेमबाजीत ते उभ्यानं बंदूक मारायचे, त्यासाठी ही तयारी. खालच्या मजल्यावरची मालवणी मावशी पापड वाळत घालता घालता वर बघायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बगळो उभो रवता, पण मासो काय गावणा नाय." ते डोळे न उघडता हसायचे. पाणी मात्र सांडायचं नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो भीतीमुळे. कॉलेजात छात्रसेनेत नाव घातलं होतं आणि बंदुकीची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. झोपून मारताना जमीन तरी सांभाळून घेते. उभं राहिलं की नळीचं टोक भिरभिरू लागे आणि मागे कुणी हसलं की जास्तच. कॉलेजच्या संघात उभ्यानं मारणारा एक जण हवा होता. आमच्या घरात कॉलेजचं दार पाहिलेला मी पहिलाच. वडिलांचा सगळा जन्म खानावळीत उभ्या उभ्या पंक्ती वाढण्यात गेला. आपली एकदा तरी कशात निवड व्हावी, एवढंच मला वाटत होतं. पण हे हवालदारांना सांगायचं धाडस होईना. मी नुसताच दारात उभा राहिलो.

त्यांनी माझे पाय पाहिले. "कालेज," ते म्हणाले, "तुला वाऱ्यानं सुदीक पाडता यील."

त्या दिवसापासून माझं नाव कालेज पडलं. ते मला पहाटे चौपाटीवर नेत. ओहोटीच्या पाण्यात घोट्याएवढं उभं राहायचं, खांद्याला काठी लावायची आणि लांबच्या मचव्याच्या डोलकाठीवर नेम धरायचा. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. तरी काठीचं टोक हलू द्यायचं नाही. बंदूक हातानं उचलून धरू नकोस, हात दमतो, असं ते सांगत. कोपर कमरेच्या हाडावर टेकव, वजन हाडावर जाऊ दे, पोट आवळ आणि पाय पेर. त्यांच्या काठीला त्यांनी चापाच्या जागी पत्र्याची पट्टी बसवली होती. बोट जरा दाबलं गेलं की टक् असा आवाज व्हायचा. जाळी आवरणारे कोळी आमच्याकडे बघून हसत. महिन्या-दोन महिन्यांत माझं टोक थोडं स्थिरावलं. मला वाटलं, ते खूश असतील. ते म्हणाले, "उगवतंय."

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरगावात रोज मोर्चे निघू लागले, चाळीच्या गच्चीवर सभा होऊ लागल्या. मीही जात होतो, मावशीचा मुलगा तर सगळ्यांच्या पुढे असायचा. चाळीत त्यांना आता कुणी बगळा म्हणेना. ते तांब्या घेऊन उभे राहिले की गॅलरीतली माणसं आत जात. मावशी खाली मान घालून पापड उचलायची. हा नेम कुणासाठी चाललाय, असं कुणी विचारलं नाही. न विचारण्याचीच जास्त भीती वाटायची. मला तर दोन्हीकडून भीती होती. मोर्चात गेलो की वाटे, समोरून हे आले तर? आणि चौपाटीवर गेलो की वाटे, आपल्याला कुणी यांच्याबरोबर पाहिलं तर?

एका पहाटे मी अडखळत विचारलं, की आता तुम्ही सराव थांबवाल का.

ते म्हणाले, "मला भ्या वाटतंया, कालेज. रांगंत पैली गोळी रागानं सुटत न्हाई. भ्यानं सुटती. दगूड लागतो आन बोट बिचकतं. आन एकाचं सुटलं, की समद्यांची सुटत्यात."

"आणि हुकूम आला तर?" मी विचारलं.

त्यांनी वाकून ओल्या वाळूचा गोळा केला आणि माझ्या हातात दिला. "मार मला. कवा मारनार ते सांगू नगंस."

त्यानंतर आमचा सराव असा झाला. ते खांद्याला काठी लावून, पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवून उभे राहत आणि मी त्यांना वाळूचे गोळे मारी. आधी मला हात उचलवत नव्हता. पहिल्या दिवशी प्रत्येक गोळ्याला टक् व्हायचं. मग दोनाला एकदा. मग गोळा कानावर फुटला, वाळू डोळ्यात गेली, तरी आवाज येईना.

चाळीतल्या कुणीतरी हे लांबून पाहिलं. मी पोलिसाला चौपाटीवर गाठून रोज मारतो, अशी बातमी पसरली. माझ्यासारख्या भित्र्या मुलाची पाठ थोपटायला माणसं घरी येऊ लागली. मावशीनं पापड पाठवले. मी घाबरून हवालदारांना जाऊन सांगितलं, की मी खरं काय ते सगळ्यांना सांगून टाकतो. ते खूप हसले. "ऱ्हाऊ दे की. मान मिळतोय तर घे. पापड तेवढं अर्धं इकडं दे."

तो दिवस मात्र आला. ठाकूरद्वाराजवळ मी गर्दीत मागे होतो. समोर रस्ता अडवून पोलिसांची रांग. टोप्यांखालचे चेहरे ओळखू येत नव्हते, म्हणून मी पाय पाहिले. डावीकडून तिसरे पाय पेरलेले होते. त्यांनी बंदूक खांद्याला लावली होती, कोपर कमरेच्या हाडावर होतं. दगड जाऊ लागले. एक त्यांच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलेलं मला दिसलं. नळी हलली नाही. मी मनात म्हणत होतो, बिचकू नका, बिचकू नका.

गोळीचा आवाज रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून आला. मग एकामागून एक आवाज येतच राहिले. त्यांतला एक त्यांचा होता की नाही, मला माहीत नाही. मी पळत होतो.

मावशीच्या मुलाच्या मांडीत गोळी लागली. तो वाचला, पण लंगडत राहिला. हवालदार कपाळाला पट्टी बांधून काही दिवसांनी खोलीवर आले, तेव्हा चाळीतलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. तांब्या पुन्हा गॅलरीत दिसला नाही. कॉलेज बंद होतं, संघाचं कुणी नाव काढत नव्हतं. महिन्याच्या आत खोलीला कुलूप लागलं. कुणी म्हणालं बदली झाली, कुणी म्हणालं गावी गेले.

जाण्याआधी एकदाच आम्ही चौपाटीवर गेलो होतो. त्यांनीच दार वाजवून बोलावलं. ओहोटी होती. ते पाण्यात उभे राहिले, काठी खांद्याला लावली, बोट पट्टीवर ठेवलं. मी वाळूचा गोळा करून मागे उभा होतो. हात उचलावा की नाही, ठरत नव्हतं.

टक् असा आवाज झाला.

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग मागे वळून न बघताच विचारलं, "मारलास न्हवं?"

गोळा माझ्या हातातच होता. मी तो हळूच पाण्यात सोडला आणि हो म्हणालो.